पाय हाये का फावडं

गज्या, तू गेल्याची बातमी मला माणसाने सांगितली नाही, फ्लेक्सने सांगितली. सकाळी दूध आणायला निघालो, तर चौकात विजेच्या खांबाला फ्लेक्स बांधणं चाललं होतं. वर भाऊंचा फोटो, हात जोडलेला, अर्ध्या खांबाएवढा. त्याखाली त्यांचे कार्यकर्ते, दुःखाच्या प्रसंगीसुद्धा गॉगल न काढलेले. आणि अगदी तळाच्या कोपऱ्यात पासपोर्टएवढा तू. 'फुटबॉलमहर्षी गजाननराव यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' महर्षी! चड्डीच्या नाडीला धड गाठ मारता येत नव्हती म्हणून हाफटाइमला रफिकभाईंसमोर पोट पुढे करून उभा राहणारा तू, आणि महर्षी. मी तिथेच उभा राहून हसलो. फ्लेक्स बांधणाऱ्याला वाटलं, म्हातारा सटकला. मग हसू थांबलं आणि रिकामी पिशवी घेऊन मी घरी परत आलो. दूध राहिलंच.

आता तुझ्या तेरवीला भाऊ म्हणे स्मरणिका काढणार आहेत. त्यांचा एक माणूस काल येऊन गेला. म्हणाला, काका, तुम्ही जुने चाहते, दोन पानं लिहून द्या, पण कडू लिहू नका, प्रसंग दुःखाचा आहे. त्याच्या हातात इतरांची आलेली पानं होती, ती मी मागून घेऊन वाचली. एकाने लिहिलंय, तुझ्या जाण्याने अकोल्याच्या क्रीडाविश्वात कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली. या गृहस्थाला मी मैदानावर एकदाही पाहिलेलं नाही. दुसऱ्याने लिहिलंय, तुझा डावा पाय म्हणजे जादू होती. गज्या, तुझा डावा पाय फक्त उभं राहायच्या कामाचा होता. तो तू उसना आणल्यासारखा वापरायचास. हे ज्याला ठाऊक नाही त्याने तुझ्यासाठी रडावं, याचा मला राग आहे. म्हणून मी लिहून राहिलो. त्यांच्या स्मरणिकेसाठी नाही. कडू मात्र लिहिणारच, कारण तुझ्याबद्दल माझ्याजवळ गोड फार थोडं आहे.

पहिलं हे सांगून टाकतो की तू मूर्ख होतास. खेळाडू म्हणून बरा होतास, माणूस म्हणून चांगला होतास, आणि मूर्ख पहिल्या नंबरचा होतास. हे मी तुझ्या तोंडावर अनेकदा बोललोय. मेल्यावर माणसाचं सगळं चांगलं बोलायचं असतं म्हणतात, पण ते ज्यांची ओळख कमी असते त्यांच्यासाठी ठीक आहे.

मोर्णाकाठ क्लबचं मैदान म्हणजे काय होतं, हे आता नव्या लोकांना सांगूनही पटत नाही. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगची लांबलचक भिंत, तिच्यापुढे काळ्या मातीचा तुकडा, दोन बाजूंना लोखंडी पाइपांचे गोल. ती भिंत आमची. संध्याकाळी तिची सावली पडली की आम्ही वर चढून बसायचो. मी तेव्हा एसटी स्टँडवर गाड्या पुकारायचो. अकोट, तेल्हारा, दर्यापूर, मूर्तिजापूर. माईक बिघडला तरी माझं काम कधी अडलं नाही, म्हणून तू माझं नाव भोंग्या ठेवलंस. रफिकभाई सायकलचं दुकान बंद करून यायचे. बाकी भिंतीवर कोण नव्हतं ते विचार. पण त्या भिंतीवर एक कायदा होता. आपल्या खेळाडूची स्तुती करायची नाही. टाळ्या दुसऱ्या टीमसाठी. आपल्या माणसाला शिवी.

आणि प्रत्येकाची शिवी वेगळी, त्याच्या मापाची. आम्ही तिला हाळी म्हणायचो. जमीर गोलकीपर होता, त्याला 'हात हायेत का चाळनी?' त्याच्या हातून बॉल सुटो न सुटो, मॅच सुरू झाली की पहिली हाळी त्याला. हाळी मिळाली म्हणजे पोरगा मोर्णाकाठचा झाला. नवीन पोरं वर्षभर खेळायची आणि हळूच येऊन विचारायची, काका, मले काई म्हनत नाई तुमी? ज्याला भिंतीवरून शिवी नाही, त्याला घरचा मानत नसत. बाहेरून खेळायला आलेला पाहुणा, त्याला अहो-जाहो.

हे तुला मी कशाला सांगतोय? तुला सगळं पाठ आहे. पण ही पानं दुसऱ्या कोणाच्या हाती लागली तर त्याला कळायला हवं, आम्ही तुला काय दिलं होतं आणि काय काढून घेतलं.

तुझी हाळी जन्मली ती अमरावतीला. तोपर्यंत तू आमच्या मैदानाचा राजा होतास, आणि राजा का होतास तेही सांगतो. हिवाळा सरायला लागला की आपल्या काळ्या मातीला भेगा पडतात. पंजा आत जाईल एवढ्या. मॅचच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे घमेल्याने माती टाकून त्या बुजवायचो, पाणी मारायचो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या पुन्हा तोंड उघडायच्या. बॉल पळता पळता भेगेत बसायचा आणि मेल्यासारखा थांबायचा. बाहेरच्या टीमचे लोक त्याला लाथा मारत बसायचे, बॉल हलायचा नाही आणि पायाचा अंगठा सुजायचा. तू मात्र उजव्या पायाचं टोक बॉलखाली घालायचास आणि भेगेतून त्याला खणून काढल्यासारखा उचलायचास. बॉल वर यायचा आणि बरोबर गोलात उतरायचा. भुईमूग उपटावा तसं. असा खेळ आपल्या मातीशिवाय कुठे शिकता येणार नाही. आणि आपल्या मातीशिवाय तो कुठे कामाचाही नाही, हे तेव्हा कोणाला सुचलं नाही.

अमरावतीला सामने होते. मी डेपोत सांगून गाडीची सोय केली होती, टीमपेक्षा भिंतवाले जास्त. तिथलं मैदान पाहून आपण सगळे फाटकातच थांबलो. हिरवंगार, कापलेलं, ओलसर गवत. आपल्यातल्या अर्ध्या लोकांनी एवढं गवत फक्त ज्वारीच्या बांधा-धुऱ्यावर पाहिलं होतं, तेही श्रावणात. तू बूट काढलेस, मध्यभागी गेलास आणि सरळ आडवा झालास. पालथा. तोंड गवतात. अमरावतीचे लोक हसायला लागले, आपले लाजले. मी येऊन तुला लाथ मारली तेव्हा उठलास, पण उठून पुढे जाईनास. तू निजला होतास तिथे गवत दबलं होतं आणि ते हळूहळू उभं राहत होतं. तू वाकून ते पाहत होतास. म्हणालास, 'भोंग्या, पाह्य ना बे. आपोआप उठून राह्यलं.' मी म्हणालो, तू पण आता आपोआप उठ, मॅच आहे.

मॅचचं काय सांगायचं. बरोबरीत होती, वेळ संपत आली होती. त्यांचा गोलकीपर पडलेला, गोल उघडा, तुझ्यापुढे बॉल. शाळेतल्या पोरीने ओढणी सावरत लोटला असता तरी गेला असता. आणि तू काय केलंस? खणलास. भेग नाही, माती नाही, गुळगुळीत गवतावर ठेवल्यासारखा बॉल, आणि तू सवयीने पायाचं टोक खाली घालून तो उपटलास. बॉल गोलावरून गेला, कंपाउंडवरून गेला, पलीकडच्या कडुलिंबात जाऊन अडकला. साऱ्या मैदानावर शांतता. त्या शांततेत माझ्या तोंडून निघालं, 'अबे गज्या, पाय हाये का फावडं?'

सगळं अमरावती हसलं. रेफरी हसला. तो बॉल काढायला एक माणूस झाडावर चढला, तो तिथे बसून हसत होता. पुढे त्यांनी गोल मारला आणि आपण हरलो.

परतीच्या गाडीत तुझ्याशी कोणी बोललं नाही. मूर्तिजापूरला गाडी चहाला थांबली. तू खाली उतरलास, टपरीमागे जाऊन बराच वेळ उभा राहिलास. मला वाटलं, रडतोय. मी गेलो तर तू पायाकडे पाहत होतास. म्हणालास, पुन्हा म्हण. मी म्हटलं, काय म्हणू? तू म्हणालास, जे तिथं म्हटलंस ते. मी म्हटलं. तू असा हसायला लागलास की टपरीवाल्याने चुलीवरून वर पाहिलं. हसता हसता डोळे पुसलेस आणि म्हणालास, 'घरच्या मैदानावर दरवेळी म्हनजो. मी हात वर करीन.'

त्यानंतर तू खेळलास तोवर, आणि खेळणं सुटल्यावर पोरांना शिकवायला लागलास तेव्हाही, हे चालूच होतं. मी भिंतीवरून विचारायचो, पाय हाये का फावडं, आणि तू मागे न पाहता उजवा हात वर करायचास. कधी मी सर्दीने घरी असलो तर रफिकभाई विचारायचे, पण त्यांना तू हात करायचा नाहीस. हे मला रफिकभाईंनीच सांगितलं, थोडं चिडून. आयुष्यात मला जे मान मिळाले त्यातला हा एक. एसटीने निवृत्तीच्या दिवशी मला शाल दिली, ती कुठे आहे ते मला आठवत नाही. तुझा तो वर गेलेला हात आठवतो. यासाठी मी तुझा उपकृत आहे, आणि हे एकदाच म्हणणार आहे.

आता नारळाचं.

मैदान कोणाचं आहे हे आपण कधी विचारलंच नव्हतं. आपण खेळतो म्हणजे आपलं, एवढंच आपलं कायद्याचं ज्ञान. भाऊंना मात्र बरोबर माहीत होतं. त्यांनी कुठून कुठून कागद आणले आणि एक दिवस तिथे मंगल कार्यालय आणि लॉन होणार असं ठरलं. लोक चिडले. मग भाऊंनी हुशारी केली. ते आमच्याकडे आले नाहीत, तुझ्याकडे गेले. आम्हाला त्यांनी काही दिलं असतं तर आम्ही निदान भांडलो असतो. तुला त्यांनी काय दाखवलं? गवत.

तू धावतच रफिकभाईंच्या दुकानी आलास. चेहरा असा उजळलेला की मला वाटलं पोरीचं लग्न जमलं. अर्ध्या जागेवर लॉन होईल, अर्ध्यावर पक्कं गवताचं मैदान, पाइपने पाणी, सगळं, असं भाऊंनी शब्द देऊन सांगितलं म्हणालास. भूमिपूजनाचा नारळ तुझ्या हातून. मी म्हटलं, गज्या, हा माणूस स्वतःच्या घरापुढची नाली साफ करत नाही, तो तुला गवत देईल? तू ऐकूनच घेतलं नाहीस. म्हणालास, 'अर्धं जाईन, जाऊ दे. उरलेल्यावर गवत येईन ना. आपले पोट्टे गवतावर शिकतीन. मंग कोनी लिंबात नाई मारनार बे.'

इतकी वर्षं तो बॉल तुझ्या डोक्यात त्या लिंबातच अडकलेला होता, हे मला त्या दिवशी कळलं. कळलं म्हणून दया आली असं नाही. राग आला. आपल्या एका चुकलेल्या किकसाठी माणूस सगळ्यांचं मैदान देऊन मोकळा होतो, याला काय म्हणायचं? भेगांच्या मैदानावर तू राजा होतास. तुला त्या भेगांची लाज वाटायला लागली, आणि ती लाज भाऊंनी ओळखली. असल्या गोष्टी ओळखण्यातच त्यांचं आयुष्य गेलंय.

मी तुला सांगितलं होतं, नारळ फोडशील तर भिंतीवरून तुला शिवीसुद्धा मिळणार नाही. रफिकभाई साक्षीला होते. तू हसलास. तुला वाटलं, भोंग्या बोलतो तसं बोलतोय.

तू नारळ फोडलास. पांढरा शर्ट घालून, डोक्याला फेटा बांधून. तोही वाकडा. फोटो पेपरात आला. लॉन झालं, मोठं, भाऊंच्या आईच्या नावाचं. उरलेल्या अर्ध्यावर लॉनला येणाऱ्या गाड्या लागायला लागल्या. एक गोल काढून टाकला कारण ट्रॅव्हल्स वळवायला अडचण व्हायची. तू भाऊंकडे खेटे घातलेस. आधी पावसाळा होऊ द्या म्हणाले, मग निवडणूक होऊ द्या म्हणाले. मग ते भेटेचनात.

आणि आम्ही आमचा शब्द पाळला. तुला शिवी दिली नाही. तू संध्याकाळी त्या गाड्यांमधून वाट काढत भिंतीजवळ यायचास. आम्ही चार म्हातारे अजून बसायचो, खाली बोनेट पाहत. तू यायचास आणि थांबायचास. आम्ही म्हणायचो, 'नमस्कार, गजाननराव. कसे आहात? तब्येतीची काळजी घ्या.' अगदी पुण्यासारखं, शुद्ध. तुझ्या चेहऱ्याचं काय व्हायचं ते मी बारीक पाहायचो. तू थोडा वेळ उभा राहायचास, मग जायचास. काही दिवसांनी येणं बंद केलंस.

शेवटचा भेटलास तो संत्र्याच्या गाडीवर. वरुडची संत्री आली होती, तू एकेक हातात घेऊन दाबून पाहत होतास आणि गाडीवाला चिडला होता. मला पाहून तू संत्रं ठेवलंस. इकडचं तिकडचं काही नाही, सरळ म्हणालास, 'भोंग्या, एक डाव म्हन ना बे.' मी म्हणालो, काय म्हणू, गजाननराव? तू मान हलवलीस आणि गेलास. संत्री न घेताच गेलास.

मला त्याचा पश्चात्ताप आहे का? नाही. तू उद्या परत आलास आणि पुन्हा नारळ हातात घेतलास तर मी पुन्हा हेच करीन. मेला म्हणून माणसाचं बरोबर होत नाही. तू चुकला होतास, मी बरोबर होतो, आणि मैदान गेलं. ही तीन वाक्यं भाऊंच्या स्मरणिकेत कोणी छापणार नाही.

तू गेलास त्या रात्री तुझी पोरगी पुण्याहून निघाली, म्हणून तुला दुसऱ्या दिवशी दुपारी न्यायचं ठरलं. मी फ्लेक्स पाहून परत आलो तोवर रफिकभाई माझ्या ओट्यावर येऊन बसले होते. आपल्या क्लबची रीत तुला माहीत आहे. मोर्णाकाठचा खेळाडू गेला की त्याला घरातून थेट नेत नाहीत. आधी मैदानावर आणतात, तो ज्या जागी खेळायचा तिथे टेकवतात, आणि भिंतीवरून त्याची हाळी देतात. जमीरचा जनाजा गोलात थांबवला होता. त्याचे थोरले काका नाराज झाले होते, पण हाळी ऐकून तेच तोंडाला रुमाल लावून बसले. रफिकभाईंनी विचारलं, 'भोंग्या, हाळीचं काय?' मी म्हणालो, खांदा देऊ, हाळी नाही. त्यांनाही तेच म्हणायचं होतं, पण माझ्या तोंडून ऐकून त्यांना बरं वाटलं नाही.

तुझ्या घरी गर्दी होती. भाऊंची माणसं मांडव लावत होती, कोण कुठे उभं राहायचं ते सांगत होती. शोभावहिनी आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी नमस्कार केला. त्यांनी बायकांना जरा बाजूला व्हायला सांगितलं आणि मला जवळ बोलावलं. त्या रडत नव्हत्या. तुझ्यापेक्षा त्या नेहमीच हुशार, हे आपल्या दोघांनाही कबूल होतं.

'भाऊजी, हाळी देनार ना?' त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, वहिनी, नारळ त्यानेच फोडला.

'फोडला. मी बी तेच म्हन्लं होतं त्याईले, नोका फोडू. बावळट हाये तुमचा दोस्त.' त्यांनी पदर सारखा केला. 'पन बावळट मानसाले शिवी द्याची का नमस्कार कराचा, तुमीच सांगा मले. हे भाऊ भाषन करतीन, त्याईले करू द्या. तुमी फक्त शिवी द्या.'

मी उठलो. बाहेर आलो आणि खांद्याच्या रांगेत उभा राहिलो.

तुला लॉनच्या फाटकातून आत नेलं. मॅनेजर आडवा आला, संध्याकाळी रिसेप्शन आहे, अपशकुन होईल म्हणाला. भाऊंनी हात वर करून त्याला बाजूला केलं, असं की फोटोत नीट यावं. तू जिथे खेळायचास, समोरच्या टीमच्या गोलापासून जरा उजवीकडे, ती जागा आता स्टेजच्या पुढे येते. तिथे संध्याकाळसाठी हिरवा गालिचा अंथरला होता. गवतासारखा. आम्ही तुला त्यावर टेकवलं. टेकवताना माझा हात त्याला लागला. प्लास्टिक होतं, उन्हाने तापलेलं.

मग भाऊ माईकवर आले. आवाज भरून आणायला त्यांना वेळ लागत नाही. म्हणाले, गजाननरावांचं एकच स्वप्न होतं, अकोल्याच्या मुलांना हिरवं मैदान मिळावं. आणि मला अभिमान वाटतो की ते स्वप्न आपण या वास्तूच्या रूपाने, असं म्हणत त्यांनी हात पसरून तो गालिचा दाखवला. लोकांनी माना डोलावल्या. तुझी पोरगी खाली पाहत होती. या लॉनला गजाननरावांचं नाव देण्याचा विचार आहे, असं ते पुढे म्हणत होते.

मी रांगेतून निघालो. भिंत अजून उभी आहे, तिच्यावर आता लॉनचा फ्लेक्स आहे. रफिकभाईंनी मला पाहिलं आणि काही न विचारता गुडघा पुढे केला, जसा पूर्वी करायचे. माझं वय काय, गुडघे त्यांचे काय. पण चढलो. फ्लेक्स फाटला, फाटू दे. वरून तू दिसत होतास, पांढऱ्या कापडात, हारांखाली, त्या हिरव्या खोटेपणावर. भाऊ बोलत होते. मी स्टँडवरची शेवटची गाडी पुकारायचो तसा श्वास भरला.

'अबे गज्या, पाय हाये का फावडं?'

माईक थांबला. भाऊंना वाटलं, त्यांनाच विचारलं. त्यांनी खाली स्वतःच्या पायाकडे पाहिलं, हे मी देवाशपथ सांगतो. मग बाकीच्या म्हाताऱ्यांनी जागच्या जागेवरून हाळी दिली, फाटक्या आवाजात, पुढे-मागे. फाटकात थांबलेल्या शोभावहिनींनी पदर डोळ्याला लावला, पहिल्यांदाच. रिसेप्शनवाले डेकोरेटर फुलांच्या माळा हातात धरून पाहत राहिले.

आणि आम्ही सगळे तुझ्या उजव्या हाताकडे पाहत होतो. सवय, दुसरं काय. मी भिंतीवर उभा, रफिकभाई खाली, जुनी टीम तिरडीभोवती. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. हात कापडाखाली होता आणि तसाच राहिला. भाऊंनी माईकमध्ये खाकरून पाहिलं, तरी कोणी तिकडे वळलं नाही. मग रफिकभाई म्हणाले, चला, उचला.

तुला उचलून नेलं. मी उतरायला वेळ लावला, म्हणून मागे राहिलो. तिरडीचे बांबू टेकले होते तिथे गालिच्यावर दोन लांब खळगे पडले होते. मॅनेजर खराटा घेऊन आला आणि ते दबलेलं प्लास्टिकचं गवत उभं करायला लागला. एका बाजूने झाडलं, उलट्या बाजूने झाडलं, हाताने केसं विंचरल्यासारखं केलं. उठेना. संध्याकाळचे पाहुणे काय म्हणतील म्हणून त्याने शेवटी त्यावर कुंडी आणून ठेवली.

आपोआप उठत नाही बे, गज्या. मी उभं राहून पाहिलं.